इकबालभाईंचा हात

आमच्या वेळी ट्रक ड्रायव्हरला कोणी पोरगी देत नव्हतं. मला दिली, कारण माझ्या बापाला चौघी होत्या आणि त्यात सगळ्यात तोंडाळ मी. आता सगळं उलटं झालंय. आता लग्न जुळवणारी बाई ओसरीवर बसून चहा पिता पिता सांगते, "मुलगा डॉक्टर आहे हो, पण तुम्हाला चांगलंच स्थळ हवं असेल तर घाटाचा ड्रायव्हर बघते. थोडं थांबावं लागेल."

उंब्रजच्या पुलावर उभं राहून खाली हायवेकडं बघावं. मुंग्यांसारखी ट्रकामागं ट्रक, आणि केबिनमध्ये माणूस नाही. गाड्या आपल्या आपण चालतात, आपल्या आपण थांबतात. पण त्याच गाड्या कुंभार्ली घाटाच्या तोंडाला आल्या की त्यांची हुशारी संपते. घाटात धुकं आलं की रस्ता दिसत नाही, अंदाजानं ओळखावा लागतो. वळणावर म्हैस बसलेली असते. खालून चढणारा एकदा दिवा मारतो की दोनदा, त्यावर कोणी थांबायचं ते ठरतं. मशीनला हे कळेना. शंका आली की ते थांबायचं, आणि एक थांबलं की मागं चिपळूणपर्यंत रांग. शेवटी सरकारनं कायदा केला, घाटात स्टिअरिंगवर माणूस पाहिजे. गाड्याही जुन्याच, गिअरच्या. बॅटरीच्या गाड्यांचं वजन घाटातल्या जुन्या पुलांना झेपत नाही म्हणतात.

माणूस पाहिजे हे खरं, पण आणायचा कुठून? ड्रायव्हर तयार होतो क्लीनरातून. माझा नवरा बाबूराव फडतरे किती वर्षं नुसती चाकं ठोकत आणि काच पुसत उस्तादाशेजारी बसला होता, तेव्हा कुठं घाटात त्याच्या हातात गाडी मिळाली. हायवेच्या गाड्या आपोआप चालायला लागल्या आणि क्लीनर संपले. क्लीनर संपले तसे काही वर्षांनी ड्रायव्हरही संपले. जे उरले ते म्हातारे, गुडघे धरून बसलेले.

आणि त्याच काळात आमच्या धैर्यशीलची बँक बंद झाली. म्हणजे बँक आहे, तिच्यात माणसं नाहीत. मी नवरा गेल्यावर शिळं खाऊन पोराला बीकॉम केला, खुर्चीवर बसवला, आणि खुर्चीच गेली. दोन वर्षं घरात. सून केतकी कऱ्हाडला एका दवाखान्यात कामाला जायची आणि हा पोरीला सांभाळायचा.

पोरगी शर्वी. जन्मापासून ऐकू येत नाही. कानात बसवायचं मशीन तिला चालत नाही, नसच नाही म्हणाले. सातारच्या शाळेत हाताची भाषा शिकली आणि बापही तिच्याबरोबर शिकला. केतकीला येते, पण ती शब्द शोधत बोलते, मी मोबाइलवर नंबर दाबते तशी. धैर्यशीलचं तसं नव्हतं. बाप-लेक ओसरीवर बसले की चार हात एकदम चालायचे, मध्येच भुवया, मध्येच खांदे. भांडायचे, एकमेकांच्या नकला करायचे. तिनं घरातल्या प्रत्येकाला एकेक खुणेचं नाव ठेवलं होतं. माझं नाव म्हणजे बोटानं नाकाचा शेंडा वर करायचा. केतकी म्हणाली, आक्का, ती तुमची नथ आहे. मी तीस वर्षांत नथ घातली नाही.

मला ती भाषा येत नाही. बोट दाखवलं की ती पाणी आणते, डोळे वटारले की अभ्यासाला बसते. आजीला तेवढं पुरतं.

ट्रक कंपनीचं ड्रायव्हर तयार करायचं केंद्र कऱ्हाडला निघालं तेव्हा तालुक्यातले सगळे बेकार साहेब तिकडं पळाले. क्लासवाले मास्तर, कॉम्प्युटरवाले, एक तर तहसीलदार कचेरीतला अव्वल कारकून. पगार असा, की पूर्वी आमदाराच्या जावयाला मिळाला नसता. आणि शिकायला क्लीनर व्हायला नको. दीड महिन्यात घाट उतरता येतो म्हणे.

धैर्यशीलबरोबर मी पण गेले. माझ्या घरात ड्रायव्हर होणार तर कोण करतंय ते मला बघायचं होतं. शर्वीला शाळेला सुट्टी, ती बापाच्या मांडीवर.

डॉक्टर लोंढे म्हणून एक बाई होती, तरणी, मऊ बोलणारी. तिनं सांगितलं ते मला समजलं, म्हणजे कुणालाही समजेल. माणसाला दोन तऱ्हेनं आठवतं. एक डोक्याला आठवतं, म्हणजे गावाचं नाव, पाढे. दुसरं हाताला आठवतं. भाकरी थापताना आपण विचार करतो का? विचार केला तर भाकरी तुटते. हे हाताचं आठवणं डोक्याच्या मागं, मानेच्या वर, लहान मेंदूत असतं. कंपनीनं काय केलं, घाटातला सगळ्यात चांगला ड्रायव्हर धरला, इकबालभाई मुजावर. त्याला दोन वर्षं टोपी आणि हातमोजे घालून गाडी चालवायला लावली. कुठल्या वळणावर कुठलं बोट किती आवळलं, क्लचवर पाय कधी हलका झाला, सगळं टिपून घेतलं. आता नव्या माणसाला दुपारचं झोपवायचं, मानेपर्यंत येणारी तशीच टोपी घालायची, आणि इकबालभाईंचं ते सगळं बारीक बारीक झटक्यांनी त्याच्या लहान मेंदूत सोडायचं. जागा झाला की गाडीवर सराव. याला सगळे म्हणतात हात भरणं.

तिनं आम्हाला काचेतून खोली दाखवली. खाटांची रांग. पोट सुटलेले, चष्मा उशाशी ठेवलेले साहेब भरदुपारी गाढ झोपलेले, आणि पांघरुणाखाली सगळ्यांचे डावे हात एकदम गिअर बदलत होते. एकाच वेळी, एकाच अंगानं. मला हसू आलं आणि अंगावर काटाही आला.

मग बाईनं धैर्यशीलला विचारलं, "हातानं दुसरं काही करता का? वाजवणं, शिवण, चित्रं, सोनारकाम, असलं काही?"

"नाही मॅडम," तो म्हणाला. "बँकेत होतो."

"शिक्के मारायचा," मी म्हटलं. "ते काम पण आता राहिलं नाही."

बाई हसली, बाजूचा शिपाई हसला. शर्वीनं वर बघून बापाला हातांनी विचारलं, काय झालं हसायला. त्यानं तिथल्या तिथं, डॉक्टरबाईच्या डोळ्यांदेखत, हातांनी तिला सगळं सांगितलं. शिक्का कसा मारायचा ते, आजी कशी बोलली ते, नाकाचा शेंडा वर करून. पोरगी खिदळली.

"गोड आहे," बाई म्हणाली, आणि पुढचं विचारायला लागली.

आम्ही सगळे तिथं होतो. कुणाच्या मनात काही आलं नाही.

धैर्यशील सगळ्यांच्या आधी तयार झाला. मास्तर लोक अजून पटांगणात सरावाला मांडलेले डबे गाडीनं पाडत होते तेव्हा हा रिकामा ट्रक घेऊन हेळवाकपर्यंत जाऊन आला. केंद्रातून फोन आला, असा हात आम्ही पाहिला नाही. मी शेजारणीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हटलं, "बापाचं रक्त आहे. बीकॉम केला म्हणून ते कुठं जातंय."

जेवण झालं की तो डावा तळहात पसरायचा आणि उजव्या अंगठ्यानं घासायला लागायचा. मग दोन थापा, मग चिमटीत धरून ओठाकडं. आयुष्यात सुपारी खाल्ली नाही त्यानं. इकबालभाईंची तंबाखू ती, हातासोबत आली. केतकी म्हणायची, "अहो, चुना विसरलात." तो दचकायचा, मग आम्ही सगळे हसायचो. शर्वी तर पोट धरून. ती पण जेवण झालं की तळहात घासायची.

पहिली फेरी करायच्या आधी नारळ घेऊन उस्तादाच्या पाया पडायला गेलो. आमच्यात तशी रीत आहे. धाब्यावर कुणी पहिल्यांदा भेटला की विचारायचे, कुणाच्या हाताखालचा? उस्तादाचं नाव सांगितलं की मग बाज सरकवून जागा द्यायचे. ज्याला उस्ताद नाही त्याच्या गाडीमागं कोणी गाडी लावायचं नाही.

इकबालभाई दारातच खाटेवर बसले होते. भिंतीला नारळांचा ढीग.

"या वहिनी. आणखी एक नारळ का? आमची बीबी म्हणते, आता तेलाचा घाणा टाका. ज्याला कधी बघितला नाही तो येतो आणि म्हणतो, उस्ताद, मी तुमच्या हाताखालचा. मी म्हणतो, बाबा, माझ्या हाताखालचा कसला, तू तर माझाच हात."

"बाबूरावाचा पोरगा आहे हा," मी म्हटलं.

"मग घाटात भांडू नको," ते धैर्यशीलला म्हणाले. "तुझा बाप चढणीच्या गाडीशी भांडायचा. आणि एक ऐक. हात माझा आहे, तो गाडी सोडणार नाही. तू फक्त त्याच्या कामात तोंड घालू नको. हात काय करतो ते बघत बसलास की गेलास."

धैर्यशील पाया पडला. दोघांचे हात शेजारी शेजारी आले तेव्हा मी बघितलं. दोघांचीही करंगळी जरा वाकडी करून धरलेली.

पहिली लांब फेरी, लोटे ते कऱ्हाड, मग पुन्हा खाली, असा आठवडाभर तो बाहेर होता. आला तेव्हा शर्वी फाटकात. त्यानं पिशवी खाली ठेवायच्या आत तिचं सुरू झालं. शाळेच्या गाडीत कोण ओकलं, मॅडमनी कुणाला उठवलं, सगळं. तो बरोबर जागी हसत होता, म्हणजे त्याला कळत होतं. मग तिनं काहीतरी विचारलं आणि उत्तरासाठी थांबली.

त्यानं हात वर केले. डावा हात बाजूला गेला, मूठ वळली, आणि खाली खेचला गेला. उजवा हवेत गोल फिरला.

पोरगी हसली. तिला वाटलं, बाप ट्रकची नक्कल करतोय. तिनं पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा हात उचलले, आणि पुन्हा तेच. डावा खाली, उजवा फिरला. आता त्याच्या कपाळावर घाम आला होता. तिसऱ्यांदा त्यानं डाव्या हातानं उजव्याचं मनगट धरलं, एकेक बोट हातानं उघडायला लागला, मोळी सोडावी तसं.

शर्वी हसायची थांबली. ती त्याच्या हातांकडं बघत होती, तोंडाकडं नाही.

"आक्का," तो मला म्हणाला, "मला शब्द माहीत आहेत. सगळे माहीत आहेत. हात जात नाहीत."

दुसऱ्या दिवशी केंद्रात. मी डॉक्टरबाईला बसू पण दिलं नाही.

"तुमच्या टोपीनं माझ्या पोराची वाचा गेली."

"आक्का, ते बोलतात ना?"

"माझ्याशी बोलतो. त्याला बोलायचं असतं पोरीशी."

बाईनं धैर्यशीलला हातानं काही म्हणायला सांगितलं. त्यानं प्रयत्न केला. तिचा चेहरा उतरला. मग ती बराच वेळ मशीनवर काहीतरी बघत बसली आणि शेवटी आमच्याकडं वळली.

"शेतात पाट असतात ना, पाण्याचे," ती म्हणाली. "नवा पाट खणायला वेळ लागतो. म्हणून आमचं मशीन नवा पाट खणत नाही. हाताचा जो पाट आधीच खोल गेलाय तो शोधतं आणि त्यातून आपलं पाणी सोडतं. बहुतेकांचा तसा पाट असतो टायपिंगचा. तो गेला तर कुणी रडत नाही. म्हणून आम्ही वादकांना, शिंप्यांना घेत नाही."

"आणि ह्याचा?"

"ह्यांचा पाट फार खोल होता. रोज, दिवसभर, दोन्ही हात, प्रत्येक बोट वेगळं. म्हणून तर हे बॅचमध्ये पहिले आले."

मी म्हणत होते बापाचं रक्त. ते पोरीचं बोलणं होतं. तिनं त्याचे हात मऊ करून ठेवले होते आणि त्यातून गिअर ओतला गेला.

"मग आधी विचारायचं होतं," मी म्हटलं.

"विचारलं होतं, आक्का. हातानं काही करता का म्हणून."

"ते बोलणं आहे, बाई. बोलणं काय हातकाम असतं? उद्या म्हणाल, जेवता हातानं ते का नाही सांगितलं."

तिनं मान खाली घातली. "आमच्या प्रश्नांमध्ये नव्हतं ते. आता घातलंय."

"छान. पुढच्याचं भलं झालं."

धैर्यशीलनं विचारलं, "हे काढता येतं का?"

"भरता येतं. काढायचं अजून कुणाला जमलेलं नाही. नोकरी सोडलीत तरी पाट रिकामा होणार नाही. खुणा पुन्हा शिकता येतील, पण पहिल्यापासून, तान्हं मूल शिकतं तशा, आणि फार हळू. आणि गाडीवर असताना तर शिकूच नका. एकाच पाटात दोन पाणी आली तर कुठलं कुठं जाईल, मी सांगू शकत नाही."

परत येताना यष्टीत तो माझ्याशेजारी बसला होता. मी म्हटलं, "सोड ही नोकरी."

"आणि खायचं काय, आक्का? केतकीचा दवाखाना पण मशीन घेतोय पुढच्या वर्षी. शर्वीची शाळा कोण चालवणार?"

"मी अजून जिवंत आहे."

"तू काय करणार? ट्रक चालवणार?"

त्याच्या बापाला असं बोलायची छाती झाली नसती. मी खिडकीबाहेर बघितलं.

मोबाइलमध्ये एक बाहुली मिळते. आपण बोलायचं, ती हातानं खुणा करते. केतकीनं ती घेतली. धैर्यशील मोबाइल धरून बोलायचा, "शर्वी, आज शाळेत काय झालं?" आणि बाहुली हात हलवायची, गुळगुळीत, पावडर लावल्यासारखी. शर्वी दोन दिवस बघत राहिली. तिसऱ्या दिवशी तिनं मोबाइल पालथा घातला, त्यावर दप्तर ठेवलं आणि केतकीला काहीतरी सांगितलं.

"काय म्हणते?" धैर्यशीलनं विचारलं.

केतकी सांगेना. मी दरडावलं तेव्हा म्हणाली, "विचारते, पप्पांना माझा राग आलाय का. म्हणून स्वतः बोलत नाहीत, बाहुलीला सांगतात."

पाटीवर लिहून दाखवायचा तो. पण ती पोर दुसरीत. तिची अक्षरं अजून जुळत नव्हती. आणि शाळेच्या गाडीत कोण ओकलं याचा आनंद पाटीवर मावत नाही. ती कमी सांगायला लागली. बाप आला की पूर्वीसारखी फाटकात धावायची, त्याच्या कमरेला मिठी मारायची, आणि मग हात खाली सोडून उभी राहायची.

त्यानंतर सुट्टीच्या दिवशी तो कुठं जातो ते मला कळेना. एकदा कपडे धुताना खिशात सातारच्या यष्टीचं तिकीट सापडलं, तेव्हा समोर बसवून विचारलं. शर्वीच्या शाळेतल्या बागवान मॅडमकडं जात होता. शिकायला.

"डॉक्टरीण काय म्हणाली होती?"

"थोडंसंच, आक्का. दहा-बारा खुणा. तिचं नाव, ये, जेवलीस का, झोप. एवढं आलं तरी..." त्यानं हात उचलला, दोन बोटं जोडली आणि डाव्या भुवईला टेकवली. शर्वीच्या भुवईवर तीळ आहे, ते तिचं नाव. बोटं वाटेत दोनदा चुकली, पण पोचली.

शर्वी दारात उभी होती. तिनं ते बघितलं. ती आली, आणि काही न विचारता त्याच्या मांडीवर बसली. तिला वाटलं, पप्पा बरे व्हायला लागले.

मी त्याला थांबवलं नाही. कोण थांबवेल?

चिपळूणला माझी बहीण आजारी होती. कंपनी महिन्यातून एकदा घरच्या माणसाला केबिनमध्ये बसू देते. मी म्हटलं, यष्टीला कशाला पैसे घालू. बाबूरावाच्या गाडीत मी कितीदा तो घाट उतरले होते, पदर तोंडात धरून. धैर्यशीलच्या गाडीत पदराची गरज पडली नाही. पाटण मागं पडलं, कोयनानगर गेलं, गाडी घाटाच्या तोंडाला लागली आणि मी त्याच्या हातांकडं बघत बसले. काय हात चालत होता. वळण येण्याआधीच गाडी हळू व्हायची. क्लच, गिअर, क्लच, जसं कुणी पाळणा हलवतंय. मला त्या हाताचा राग येत होता आणि तरी मान हलत होती. माझा नवरा असा चालवत नव्हता.

धुकं आलं. त्यानं दिवे लावले. मी आपली बोलत होते, गप्प बसणं मला जमत नाही. बहिणीला काय न्यावं, चिपळुणात खाजा चांगला मिळतो, हे ते. आणि म्हटलं, "शर्वीला पण घ्यायचा का थोडा?"

उताराचं मोठं वळण. खालून यष्टी चढत होती, तिनं दिवा दोनदा मारला, म्हणजे आपण थांबायचं. धैर्यशीलनं क्लच दाबला, तिसऱ्यातून गिअर काढला, दुसऱ्यात टाकायला हात निघाला, आणि मध्येच दांडा सुटला. डावा हात वर आला. दोन बोटं जोडून भुवईला लागली.

गाडी गिअरात नव्हती. मागं भरलेला माल, पुढं उतार. ती सुटली.

त्याचा हात भुवईवरच राहिला आणि तो त्या हाताकडं बघत होता, दुसऱ्याचा असावा तसा. बघत बसलास की गेलास, असं इकबालभाई म्हणाले होते. मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. केतकी म्हणते, तुमच्या हातावर दांड्याचा व्रण आहे, म्हणजे तुम्ही त्याचा हात धरून दांड्यावर आपटला असेल. तो लोखंडाला लागला तसं इकबालभाईंच्या हाताला आपलं काम आठवलं. गिअर किंचाळून पडला. गाडी कठड्याला घासत गेली, माझ्या बाजूचा आरसा, दिवा, पत्रा सगळं सोलत. यष्टी डोंगराला चिकटून थांबली होती. तिच्या खिडक्यांतली तोंडं धैर्यशीलच्या खिडकीपासून हातभर अंतरावरून गेली. एका बाईच्या मांडीवर मूल होतं. मग गाडी थांबली.

कठड्यापलीकडं धुकं होतं, म्हणून किती खोल होतं ते दिसलं नाही. नाही दिसलं तेच बरं.

यष्टीचा ड्रायव्हर उतरून आला. म्हातारा, जुन्यातला. शिव्या द्यायला तोंड उघडलं आणि केबिनमध्ये मला बघून बंद केलं. खालूनच विचारलं, "कुणाच्या हाताखालचा रे?"

धैर्यशीलचं डोकं अजून स्टिअरिंगवर टेकलेलं होतं. त्याच्या कपाळातून रक्त येत होतं.

"इकबाल मुजावरांच्या," मी म्हटलं.

"त्यांचा हात असा चुकत नाही," तो म्हणाला आणि गेला.

कंपनीनं काढलं नाही. एवढ्या महागाचा भरलेला हात कोण सोडतो. स्टिअरिंगमध्ये सगळं टिपलं जातं. त्यांनी बघितलं, डॉक्टर लोंढेला बोलावलं, आणि तिनं धैर्यशीलकडून शब्द घेतला की खुणा बंद. एकही नाही. घरी, शाळेत, एकट्यानं आरशासमोर, कुठं नाही. मऊ बोलणारी बाई त्या दिवशी मऊ बोलली नाही. म्हणाली, "पुढच्या वेळी यष्टीत बसलेल्यांना काय सांगू मी?" ती बरोबर बोलत होती, म्हणून मला आणखी राग आला.

गाडी गॅरेजला न्यायच्या आधी सामान काढायला धैर्यशील ती दारात घेऊन आला. एका अंगानं पूर्ण सोललेली. सकाळची वेळ, शर्वी गणवेश घालून तयार. ती गाडीभोवती फिरली. चेपलेल्या पत्र्यावरून हात फिरवला, दरवाज्यापासून मागच्या चाकापर्यंत. मग बापाच्या कपाळावरची पट्टी बघितली. केतकीला विचारलं.

केतकी माझ्याकडं बघायला लागली. मी म्हटलं, "खरं सांग. माझ्या घरात पोरांना खोटं सांगायची रीत नाही."

केतकी तिच्यासमोर उकिडवी बसली आणि हळूहळू सांगायला लागली. मला शब्द कळले नाहीत, पण हात कळले. गाडी, उतार, दांडा. मग केतकीनं दोन बोटं जोडून भुवईला लावली, आणि दुसरा हात कड्यावरून खाली पडावा तसा पाडला.

शर्वीनं तिला पुन्हा करायला लावलं. केतकीनं पुन्हा केलं.

धैर्यशील ओसरीच्या पायरीवर बसला होता. शर्वी त्याच्याकडं गेली, समोर उभी राहिली. तो तिच्याकडं बघत होता, आणि शब्द दिला होता तरी त्याचा डावा हात गुडघ्यावरून उठायला लागला. काय म्हणायचं होतं त्याला, देव जाणे.

तिनं तो हात हवेतच धरला. खाली आणला, त्याच्या मांडीवर ठेवला आणि दाबला. मग उजवा हलला, तोही धरला. ती एवढीशी पोर, सगळं अंग वाकवून, दोन्ही तळहातांनी बापाचे दोन्ही हात दाबून उभी होती. तिला खूप काही सांगायचं होतं, ते तिच्या भुवयांवरून, ओठांवरून दिसत होतं. पण सांगायला तिला हात लागतात, आणि ते दोन्ही तिथं अडकले होते.

रस्त्यावर शाळेची गाडी येऊन हॉर्न वाजवत होती. तो तिघांना ऐकू येत होता. कुणी उठलं नाही.